दोन चिंचोक्यांची चाल

यंदा करीचा डाव बसला नाही, बाई. पोळा झाला तो गावाचा झाला. आपल्या घरी वर्षभर सण नाही, म्हणून बैलांना नुसतं धुतलं, शिंगांना तेल लावलं आणि शेजारच्या घरून आलेली पोळी चारली. दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारची जेवणं झाल्यावर सगळे आपापल्या जागेवर ओसरीत येऊन बसले. कोणी बोलावलं नव्हतं. मामाजी भिंतीला टेकून, भाऊजी खांबाशी, हे उंबऱ्यावर. चिंचोक्यांची पिशवी मात्र कोणी काढली नाही. मग भाऊजी म्हणाले, "वांग्याले पानी द्याचं हाये," आणि उठून गेले. बाहेर पाऊस पडत होता.

आता जे सांगणार ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तरी सांगते. सांगायला बसलं की पहिल्यापासून सांगायचं, मधलं गाळायचं नाही, हा तुमचाच हुकूम.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी दुसरबीडहून उंद्रीला आले. तुम्ही डोणगावहून माझ्या आधी काही वर्षं आलेल्या. सासूबाई नव्हत्या. सासऱ्यांना आपण मामाजी म्हणायचो, तुमच्या मालकांना मी भाऊजी. घरात बायका आपण दोघीच, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ, आणि शेतात भाजी: वांगी, मिरची, मेथी, सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. जालन्याकडच्या वाऱ्याने माझी बोली जरा वेगळी. मी "मला" म्हटलं की तुम्ही स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "अवो पुनेवाल्या बाई, मीठ द्या मले!" पहिल्या महिन्यात मला त्याचा राग यायचा. मला राग लवकर येतो, हेही तुम्ही पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.

करीच्या दिवशी आपल्या भागात पत्ते निघतात. पारावर, गोठ्यात, देवळामागे, जिथं चार माणसं बसतील तिथं तीन पानी. मामाजींनी तरुणपणी एक प्रकार पाहिला होता. गावातल्या एकाने पोळ्याला जी बैलजोडी पुजली, तीच दुसऱ्या दिवशी पत्त्यात घालवली. जुगार बंद करा म्हणून सांगितलं तरी कोणी ऐकत नाही, हे मामाजींना माहीत होतं. त्यांचे स्वतःचेच हात शिवशिवायचे. मग त्यांनी डाव घरात आणला आणि त्याला कुंपण घातलं. पैसा नाही, चिंचोके. प्रत्येकाला मामाजींच्या मुठीने एक मूठ. दर डावाला आधी एक चिंचोका मधे टाकायचा. पानं न पाहता खेळायचं तर चाल एका चिंचोक्याची, पाहून खेळायचं तर दोनाची. त्याच्या वर चाल नाही, मग कोणी कितीही मिशा पिळो. मूठ संपली की उठायचं; उसनं मागायचं नाही आणि द्यायचंही नाही. त्या एका दिवशी सुनांनीही बसायचं, कारण दोन मुलगे आणि एक म्हातारा एवढ्यांत डाव रंगत नाही, असं मामाजींचं म्हणणं.

शेवटी जो एकटा उरेल, त्याने मामाजींकडे एक मागणं मागायचं. घराच्या आवाक्यातलं असेल तर मामाजींनी नाही म्हणायचं नाही. भाऊजींनी एकदा गोठ्यात कंदील मागून घेतला. यांनी एकदा महिनाभर बाजाराची गाडी नेण्यातून सुटका मागितली, आणि तो महिना भाऊजी यांच्याशी धड बोलले नाहीत. मामाजी जिंकले की स्वतःकडेच मागायचे आणि स्वतःलाच द्यायचे: उद्या पुन्हा पुरणपोळी. म्हणजे शिक्षा आपल्याला.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांत आधी उठले. मला वाटलं होतं, तोंड घट्ट ठेवायचं, ठासून चाल टाकायची, म्हणजे समोरचा बिचकतो. कोणी बिचकलं नाही. मी फणकाऱ्याने आत गेले तर तुम्ही माझ्यामागे येऊन म्हणालात, "उद्या विहिरीवर ये. मेथीच्या जुड्या बांधाच्या हायेत." आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या जांभळाखाली तुम्ही ओटीतून पत्त्यांचा जोड काढला. कडा झिजलेला, एक चौकटची दुर्री हरवलेली. डोणगावला भावांबरोबर खेळून तुम्ही तयार झाला होता, आणि सासरी ही गोष्ट तुम्ही कोणाला कळू दिली नव्हती.

"तू थाप काऊन मारतं वं?" तुम्ही विचारलं.

"समोरचा घाबरावा म्हणून."

"दोन चिंचोक्याले कोन भेते? मोठ्या जुगारात एखादा म्हनते, हे घे शंभर. तिथं समोरच्याच्या पोटात गोया येते. इथं तो म्हनते, दोनच तं जातात, पाहूनच घेतो. चालीले हद्द हाये ना, तिथं भेव दाखवून काम होत नाही. तिथं पान लागते."

मग जुड्या बांधता बांधता शिकवणी. नुसता एक्का पाहून हुरळायचं नाही, दोन बारकी पानं सोबत असली तर एक्काही टाकून द्यायचा. टाकताना लाजायचं नाही. मामाजी पान टाकत नाहीत, शेवटपर्यंत पाहतातच, म्हणून त्यांच्यासमोर थाप मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्याशी जोडी किंवा त्याच्या वरचं असेल तरच बसायचं. भाऊजींना चांगलं पान आलं की ते पाणी मागतात. यांना चांगलं पान आलं की हे माझ्याकडे बघून हसतात, मग यांचं पान सगळ्या ओसरीला कळतं.

आपला वाद तिथंच सुरू झाला. मी म्हणायची, वाट पाहायची हे ठीक, पण दर डावाला एक चिंचोका मधे जातोच. मूठ ती केवढीशी. चांगल्या पानाची वाट बघता बघता बसल्या जागी मूठ संपते. त्यापेक्षा पानं न पाहता खेळावं, निम्म्या भावात चाल पडते. तुम्ही म्हणायच्या, "सस्ती पडते खरं. पन आपून कुठं चाललो हेच माहीत नाही, मंग सस्तं जाऊन कराचं काय?" मी म्हणायची, पाहून तरी काय कळतं? तुम्ही म्हणायच्या, कधी उठायचं ते कळतं. मेथी संपायची, वांगी निवडून व्हायची, वाद तसाच राहायचा. पुढं वर्षं गेली तरी राहिला. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर होतं आणि माझंही अर्धं, असं मला आता वाटतं. पण हे तुमच्या तोंडावर मी कधी कबूल केलं नसतं आणि तुम्हीही मला करू दिलं नसतं. वाद मिटला असता तर दुपारी काय केलं असतं?

त्याच सुमारास जिल्हा परिषद नवी झाली होती. गावोगाव शाळा निघत होत्या आणि मास्तरणी मिळत नव्हत्या. मी सातवीची फायनल पास झालेली. बुलढाण्याला मास्तरणीचं ट्रेनिंग असतं, राहायची सोय असते, अर्ज पोळ्यानंतर लगेच द्यायचा, हे माझ्या वडिलांनी निरोपाने कळवलं. मला रात्री झोप येईना. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बापाले इचार." तुमचे दीर माणूस सोन्यासारखा, पण बापासमोर तोंडात मूग.

मी मामाजींना विचारलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "शिकाले माही ना नाही. पन घरचं काम कोन करन? एकटी डोणगाववाली?" बोलणं खरं होतं, म्हणूनच मला राग आला. मी म्हटलं, "नाही पाठवलं तर मी माहेरी निघून जाईन. परत येणार नाही."

मामाजींनी मान वर करून यांना हाक मारली. "गाडी जुंप रे."

बाई, त्या दिवसासारखी फजिती माझी पुन्हा झाली नाही. गाडी खरोखरच जुंपली. मी खरोखरच तिच्यात बसले, कारण आता उतरायचं कसं? चिखलीपर्यंत हे बैलांशीच बोलत होते. तिथून एसटीने दुसरबीड. आईने दारात पाहून विचारलं, "काय गं, काय झालं?" आणि सांगण्यासारखं काहीच नव्हतं. कोणी मारलं नव्हतं, कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. आठवड्याने माझी मीच परत आले. मामाजी ओसरीत होते. म्हणाले, "आली का पोरी? बरं झालं." बस. तुम्ही पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन दारात आलात आणि तोंडावर पदर धरून हसत होता. खांदे हलत होते तुमचे. मी चिडून म्हटलं, हसायला काय झालं? तेव्हा तुम्ही मला आत नेलंत आणि हळूच म्हणालात, "किती सांगतलं तुले! सुनेची मोठ्यात मोठी चाल कोनती? माहेर. त्याच्या वर तुह्यापाशी काही नाही, हे मामाजीले मालूम हाये. दोनच चिंचोके! त्यायनं पाहून घेतलं."

मी रडता रडता हसले. तुम्ही चुलीवरचा चहा माझ्यापुढं सरकवला.

आणि मग पोळा आला. त्या करीला मी तुमच्या पद्धतीने खेळले. डावामागून डाव पानं टाकत बसले, मामाजी म्हणालेसुद्धा, "दुसरबीडवाली आज उपासाले बसली काय?" भाऊजी पाणी मागून मागून उठले. हे हसून उठले. मामाजींची मूठ नेहमीसारखी सगळ्यांचं पाहून घेण्यात गेली. राहिलो आपण दोघी. माझ्यापुढं चिंचोके थोडेच होते, तुमच्यापुढंही फार नव्हते. मला राजांची जोडी आली. मी चाल टाकली आणि तुमच्याकडं पाहिलं. मला काय पाहिजे ते त्या ओसरीत तुमच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. अर्जाला दोन-चार दिवस उरले होते. मी डोळ्यांनी विनवत होते, बाई. पानं टाका, एवढंच.

तुम्ही पानं टाकली नाहीत. चाल टाकली. मी टाकली. तुम्ही पुन्हा टाकली. माझ्यापुढं शेवटचे दोन राहिले, तेही मी मधे सरकवले. तुम्ही तुमचे दोन टाकले आणि म्हणालात, "दाखव."

मी राजे मांडले. तुम्ही तीन किलवर मांडल्या. एका रंगाची तीन पानं, जोडीच्या वर. चिंचोके तुम्ही दोन्ही हातांनी ओढून घेतले. मी उठून आत जाणार, एवढ्यात मामाजींनी विचारलं, "बोल डोणगाववाली. काय पाह्यजे तुले?"

"धाकलीले बुलढाण्याले शिकाले पाठवा."

मामाजी म्हणाले, "हे तिनं मांगाचं होतं. तू काऊन मांगून राह्यली?"

"जितली मी हाये."

"अन् घरचं काम?"

"मामाजी, काम कोनाले पडन? मले. अन् मांगून कोन राह्यलं? मीच. मंग आता सवाल कोनाचा राह्यला?"

मामाजी चिंचोके पिशवीत भरू लागले आणि पिशवीचं तोंड बांधून यांना म्हणाले, "अर्ज भरून टाक रे तिचा."

स्वयंपाकघरात मी तुम्हाला गच्च मिठी मारली आणि लगेच भांडायलाही लागले. मला जिंकू का दिलं नाही? जीव किती घाबरा झाला माझा! तुम्ही पीठ मळत शांतपणे म्हणालात, "तू मांगतलं असतं तं मामाजी म्हनले असते, सुनेचा हट्ट, घराच्या आवाक्यातला नाही. त्यायचं एकच पान होतं, घरचं काम. ते पान माह्यासमोर चालत नाही." मला हे सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मुलांना गणित शिकवते आहे, तरी तुमचा तो हिशेब आठवला की हसू येतं.

पण त्यानंतर एक प्रश्न माझ्या मनात बसला तो बसलाच. ते मागणं तुमचं होतं. तुम्ही स्वतःसाठी काय मागणार होता? मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मले जे पाह्यजे होतं तेच मांगतलं." मी म्हटलं, खोटं. तुम्ही म्हणालात, बरं, खोटं. ट्रेनिंग झालं, मेहकरकडच्या एका खेड्यात नोकरी लागली, सोमवारी पहाटे जायचं आणि शनिवारी सकाळची शाळा करून दोन एसट्या बदलत परत यायचं. माझी मुलगी झाली, ती तुमच्या कडेवर वाढली, तुम्हाला "मोठी माय" म्हणू लागली. आणि दर काही महिन्यांनी मी पुन्हा विचारायची. कारण, बाई, मला ते जड व्हायचं. माझं सगळं आयुष्य दुसऱ्या कोणाच्या मागण्यावर उभं आहे आणि त्या माणसाने स्वतः काही घेतलं नाही, हे मनात घेऊन माणूस कसं राहील? तुम्ही एकदाच चिडलात. चुलीत लाकूड सारता सारता म्हणालात, "मले देवी नको बनवू वं. देवीले एका जागी बसून राहा लागते. मी आपला डाव खेयली. मले घरात असं एक मानूस पाह्यजे होतं जे बाहीर जाते, वापस येते अन् सांगते. मानसं बाजारात जातात, पन त्यायले सांगता येते काय? भाव सांगतात निरा, बाकी काही नाही."

मी तेही खरं मानलं नाही. मला वाटलं, माझं मन हलकं करायला म्हणत आहेत.

शनिवारी मी आले की तुम्ही सगळं काढून घ्यायच्या. एसटीत कोण भेटलं, कोणाच्या पोराने पाटी फोडली, घरमालकिणीने काय कालवण केलं. सगळ्यांत जास्त आमचे हेडमास्तर. त्यांना तुम्ही पाहिलं नव्हतं, पण गावातल्या माणसांपेक्षा त्यांची खबर तुम्हाला जास्त. "तुह्या हेडमास्तरचं काय चाललं?" ते नवीन सायकलवरून नाल्यात गेले तेव्हा तुम्ही तीन शनिवार तीच गोष्ट सांगायला लावलीत. ते टोपी कधीच काढत नाहीत, उन्हाळ्यात घाम पुसतानासुद्धा नाही, हे मी एकदा सांगितलं आणि तुमचं ठाम मत झालं: टक्कल. मी म्हटलं, नाही, केस आहेत, कानाजवळ दिसतात. "कानापाशी कोनाचेई राह्यतात वं!" यावर आपण वर्षभर भांडलो.

श्रावणात तुमचे डोळे पिवळे दिसले. शनिवारी मी म्हटलं, चिखलीला डॉक्टरकडे चला. तुम्ही म्हणालात, भाऊजींनी काढा आणला आहे, दोन दिवस पाहू. सोमवारी मी गेले. बुधवारी भाऊजींनी तुम्हाला गाडीत घालून चिखलीला नेलंही, पण शुक्रवारी वर्गात निरोप आला. मी पोहोचले तेव्हा तुम्हाला घरी आणलं होतं, अंघोळ घातली होती, हिरवं लुगडं नेसवलं होतं. माझी मुलगी तुमच्या पायाशी बसून होती. त्या आठवड्यातलं एकही अक्षर मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मला पहिल्यांदा तेच आठवलं आणि मी ओरडून रडले.

मग माणसं बसायला येऊ लागली. जो तो एकच बोलायचा. काय त्याग त्या बाईचा! जावेला शिकवलं, स्वतः राब राब राबली, कधी काही मागितलं नाही. दहाव्याला गावातले एक पुढारी उभे राहून भाषणच करू लागले, त्यागमूर्ती म्हणाले तुम्हाला. मला इतका संताप आला की मी भरल्या माणसांतून उठले आणि मागच्या दाराने विहिरीकडे गेले. संताप त्यांचा नव्हता खरा. ते जे बोलत होते तेच माझ्या मनात इतकी वर्षं होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर ते तुमच्या अंगाला बसेना.

भाऊजी आधीच तिथं येऊन बसले होते. भाषण त्यांनाही सोसलं नसावं. मी त्यांच्याशी तशी कमीच बोलते, पण त्या दिवशी विचारलं. म्हटलं, भाऊजी, खरं सांगा. बाईंना त्या करीला स्वतःसाठी काय मागायचं होतं?

ते पाण्याकडं बघतच म्हणाले, "मले ते माहीत नाही. पन शनिवारी मले च्या टायमावर भेटे नाही." मला समजलं नाही. ते म्हणाले, "दुपारपासूनच तिचं ध्यान रस्त्यावर राहे. भाकरी लवकर टाके, हात-पाय धुये, चांगलं लुगडं नेसे अन् ओसरीत येऊन बसे. मी म्हनो, च्या दे. ते म्हने, थांबा, येऊन जाऊ द्या तिले. गाडी लेट झाली तं माह्यावर कावे, जशी काय एष्टी मीच चालवून राह्यलो." बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि मग ते तोंडावर पंचा घेऊन रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

बाई, चांगलं लुगडं. मी दर शनिवारी घामेजलेली, धुळीने माखलेली यायची आणि तुम्ही धुतलेलं लुगडं नेसून बसलेल्या असायच्या, हे मी इतकी वर्षं पाहिलं आणि मला वाटलं, बाईंना टापटीप आवडते.

म्हणजे तुम्ही खरंच सांगत होता. मागितलं ते स्वतःसाठीच मागितलं, आणि दर आठवड्याला वसूल केलं. मी उगाच जड ओझं घेऊन फिरले. तुम्ही दिलं ते दिलंच, कामाने तुमची कंबर वाकली हे मला दिसत होतं आणि ते कोणी पुसू शकत नाही. पण त्या बदल्यात तुम्हाला काही मिळत होतं, आणि ते देणारी मी होते, हे कळल्यापासून मला नीट रडता येतं.

आज शनिवार आहे. मी आले आहे. माझ्या मुलीने पाण्याचा तांब्या दारात आणून ठेवला, तुम्ही ठेवायच्या तसाच, जरा जास्तच भरून. भाऊजींनी चहा मागितला नाही. आता ऐका.

तेराव्याच्या आदल्या दिवशी हेडमास्तर आले होते. दोन एसट्या बदलून, सायकल न घेता. मी कधी त्यांना आपल्या घरचा रस्ताही सांगितला नव्हता, विचारत विचारत आले. ओसरीत मामाजींसमोर बसले. म्हणाले, "बाई शाळेत रोज त्यांच्या जाऊबाईंचं सांगतात. एकदा भेटायचं होतं, राहून गेलं." मी आतल्या बायकांत दाराशी बसले होते. मला माहीत नव्हतं की मी शाळेत तुमचं रोज सांगते. मग त्यांनी हात जोडले, आणि जोडण्याआधी, बाई, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

एकही केस नाही. कानाजवळचे सोडले तर एकही नाही. उजेड पडला ओसरीत.

मला हसू फुटलं. तशा घरात, तशा दिवशी. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, बायकांना वाटलं हुंदका आला, कोणी पाठीवरून हात फिरवू लागलं. आणि मी वळून चुलीकडं पाहिलं, तुम्ही पाहिलंत का म्हणून.